बदाम लाल झाला तेव्हा

दयाबाई साळवे कवठे येमाईजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवायच्या. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक हापसा, कुंपणाला लागून उंबर आणि मैदानाच्या मधोमध देशी बदामाचं थोराड झाड. पहिली ते चौथी मिळून सव्वीस मुलं, आणि बाई एकट्याच. राहायला त्या शिरूरला. सकाळी सातच्या एसटीनं यायच्या, संध्याकाळी परतायच्या. नवरा याकोब शिरूरच्या बाजारपेठेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. चर्चच्या मागच्या आळीत दोघांची दोन खोल्यांची जागा होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि त्याबद्दल दोघं आता बोलतही नसत.

वस्तीवरची बहुतेक घरं धनगरांची. पूर्वी सगळेच मेंढरं घेऊन फिरायचे. कालव्याचं पाणी आलं तशी एकेकानं मेंढरं विकली आणि कांद्याला, उसाला लागले. हरिबाचं घर तेवढं अजून मेंढरांवर होतं. दिवाळी झाली की तो, त्याची बायको ताईबाई आणि मुलगी म्हाळसा घोड्यावर बिऱ्हाड लादून माळशेज घाटानं कोकणात उतरायचे, ते परत यायचे पाऊस तोंडावर आला म्हणजे. त्यामुळे म्हाळसाची शाळा जून ते दिवाळी एवढीच. तरी चौथीच्या वर्गात तिच्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची.

शहाण्णव सालच्या दिवाळीत बाईंनी मनाशी काहीतरी ठरवलं आणि त्या वस्तीवर गेल्या. अंगणात घोड्याचं खोगीर दुरुस्त करत हरिबा बसला होता.

"हरिबा, यंदा म्हाळसाला नेऊ नका. फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा आहे. ती नंबरात येईल."

"ठेवायची कुठं, बाई? तिच्या मामाच्या गावी ठिवली हुती एकदा. म्हशीमागंच फिरली वरीसभर."

"माझ्या घरी राहील. माझ्याबरोबर येईल, माझ्याबरोबर जाईल."

हरिबानं बायकोकडं पाहिलं. ताईबाई दाराला टेकून उभी होती. तिला सातवा महिना लागला होता.

"माझ्या बाळंतपणाला ती जवळ पायजे हुती," ती म्हणाली. "वाड्यात दुसरी बाईमाणूस न्हाई." वाडा म्हणजे मेंढरांचा तळ.

हरिबानं खोगिराला आणखी एक टाका घातला. मग ताईबाईच म्हणाली, "शिकू दे तिला. पन बाई, मी सांगावा धाडला तर लावून द्याल ना?"

"लगेच," बाई म्हणाल्या.

वाडा हलला त्या दिवशी म्हाळसा घोड्यामागं चालत पार ओढ्यापर्यंत गेली. तिथून बाईंनी तिला हाताला धरून परत आणलं.

पहिले काही दिवस ती जेवली की पुस्तक घेऊन दाराशी जाऊन बसायची. रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायची, "आज आमचा वाडा कुठं आसंल?" याकोबनं एक दिवस जुना नकाशा भिंतीला लावला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "तू सांग. तू चाललीस त्या वाटेनं, मी नाही." तेव्हापासून ती रोज एक टिंब द्यायला लागली. आळेफाटा, ओतूर, मढ. मग घाट. टोकावड्याला पोचल्यावर तिनं टिंब जरा मोठं काढलं. "हितं दुकान हाय पाटलांचं. तितं चार दिस थांबत्यात."

बाई तिचे केस तेल लावून विंचरायच्या, दोन वेण्या घालायच्या. याकोबला ती आप्पा म्हणायला लागली, त्यानं तिला सायकल शिकवली. रविवारी ती त्यांच्याबरोबर चर्चला यायची, बाकावर बसून गीतांचं पुस्तक वाचत राहायची. एकदा एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "मुलगी का तुमची?" दयाबाई "हो" म्हणून गेल्या. म्हाळसानं ऐकलं. ती कवठे येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

संक्रांत झाली आणि शाळेतला बदाम लाल व्हायला लागला. दरवर्षीच व्हायचा. पण म्हाळसानं तो कधी पाहिला नव्हता. तिच्या वाट्याला हे झाड हिरवंच आलेलं. पहिल्या दिवशी ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून झाडाखाली उभी राहिली.

"बाई, ह्याला काय झालं?"

बाकीची मुलं हसली. बाई सांगणार होत्या की, पानगळ आहे, शिशिर आहे. पुस्तकात तेवढंच होतं. पण मग हनुमंतनं विचारलं, "पन बाई, लालच का? लिंबाची पानं तर पिवळी होत्यात." आणि तिसरीतली स्वप्नाली म्हणाली की, तिच्या आजीच्या मते झाडाला ऊन बाधतं. बाईंना जाणवलं, आपण एकवीस वर्षं शिकवतोय आणि हे आपल्याला नीट सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी आपली डी.एड.ची जुनी पुस्तकं काढली. डॉक्टरांच्या कॉलेजातल्या मुलाकडून वनस्पतिशास्त्राचं पुस्तक मागवलं. याकोबकडून बाटलीत थोडं स्पिरिट घेतलं. दुसऱ्या दिवशी चारही इयत्ता बदामाखाली बसवल्या.

"हिरवी पानं आणा, ताजी," त्या म्हणाल्या. मुलांनी पानं आणली. ती दगडावर चेचून स्टीलच्या वाटीत घातली, वर स्पिरिट ओतलं. काळपट हिरवं पाणी झालं. मग बाईंनी पांढऱ्या खडूची एक अख्खी कांडी त्यात उभी केली.

"आता हात लावायचा नाही. बघायचं."

मुलं गुडघ्यांवर वाकली. खडू हळूहळू पाणी ओढायला लागला. आधी हिरवा पट्टा चढला. चढता चढता त्याच्या वरच्या कडेला अगदी बारीक, हळदीसारखी पिवळी रेघ सुटी झाली.

"पिवळं कुठनं आलं?" हनुमंत म्हणाला. "आपुन तर हिरवंच टाकलं."

"ते आधीपासून होतं," बाई म्हणाल्या. "प्रत्येक हिरव्या पानात पिवळा रंग असतो. हिरवा जास्त असतो म्हणून दिसत नाही. हिरवा रंग म्हणजे पानाचा स्वयंपाकी. उन्हावर झाडाचं जेवण बनवतो. पण त्याला पाणी लागतं. आता थंडी सरत आली, जमीन कोरडी पडायला लागली. एवढी पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही. मग झाड काय करतं? पानातलं जे कामाचं आहे ते परत खोडात ओढून घेतं. हिरवा रंग मोडतो. मागं राहतो पिवळा. लिंबाचं तसंच होतं. बदामात जाता जाता थोडा लाल रंग नव्यानं तयार होतो. परदेशात, जिथं बर्फ पडतं, तिथं डोंगरच्या डोंगर असे होतात. आपल्याकडं हा एकटा बदाम."

"म्हंजी सत्त्व काढून घेतं," म्हाळसा म्हणाली.

"हो. तुला कसं माहीत?"

"मेंढरू खाली पडल्यालं लाल पान हुंगतं आन् सोडून देतं. हिरवं आसंल तर उड्या मारून खातं. आमचा बा म्हनतो, त्यातलं झाडानं काढून घेतलंय, आता काय उरलं न्हाई त्यात."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. काल तीन पुस्तकं चाळून त्यांना जे कळलं होतं, ते हिच्या घरात मेंढरांवरून ठाऊक होतं.

"मग पान पडतं तवा झाडाला दुखतं का?" स्वप्नालीनं विचारलं.

"नाही. पान सोडायच्या आधी झाड देठाशी बारीक पडदा तयार करतं. जखम आधीच बुजवून ठेवतं. मग पान आपोआप सुटतं." बाईंनी एक लाल पान उचललं, देठाचं टोक दाखवलं. ते कोरडं, गुळगुळीत होतं.

म्हाळसा उठली, कुंपणाजवळच्या उंबराचं एक हिरवं पान ओढून तोडून घेऊन आली. तुटलेल्या जागी पांढरा चीक जमला होता, तिच्या बोटांवरून ओघळत होता.

"आन् हे?"

"ते वेळेआधी तोडलं ना," बाई म्हणाल्या. "त्याची तयारी झाली नव्हती."

म्हाळसानं मान हलवली आणि बोटं परकराला पुसली. मुलांनी वहीत लाल पानं चिकटवली, खाली नावं लिहिली. फार चांगला दिवस गेला असं बाईंना वाटलं. परतीच्या एसटीत म्हाळसा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. शिरूर येऊच नये असं त्यांना वाटलं.

एकोणतीस जानेवारीला पोस्टमन शाळेत आला. कार्ड बाईंच्या नावावर होतं. टोकावड्याच्या दुकानदाराच्या हातचं, हरिबाच्या सांगण्यावरून लिहिलेलं. तेवीस तारखेला ताईबाईला मुलगा झाला. ताईबाई फार अशक्त आहे. म्हाळसाला बघायची म्हणते. कुणाबरोबर तरी लावून द्यावी.

वर्गात म्हाळसा फळ्यावर गणित सोडवत होती. परीक्षेला अकरा दिवस होते. बाईंनी कार्ड हजेरीपटात ठेवलं आणि हजेरीपट मिटला.

त्यांनी मनाशी हिशेब घातला, आज पाठवली तर ती परत येणार नाही. अकरा दिवस. बाळंतीण अशक्त असतेच. नऊ तारखेला पेपर झाला की दहाला आपण स्वतः नेऊ. हे सगळं खरं होतं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी स्वतःलासुद्धा शब्दांत सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाळसा हौदावर कपडे धूत असताना त्यांनी ते कार्ड याकोबला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"दया, सांगू या तिला."

"अकराच दिवस. आता दहा राहिले."

"तू शब्द दिला होतास."

"तिच्याच भल्यासाठी करतेय ना मी?"

याकोबनं कार्ड परत त्यांच्या हातात दिलं. "तू सांगणार नसशील तर मीही सांगणार नाही," तो म्हणाला. "पण यात मी तुझ्याबरोबर आहे असं समजू नकोस. मी फक्त गप्प बसतोय." त्या दिवसापासून तो म्हाळसासमोर फारसा थांबेना. ती नकाशापाशी गेली की उठून बाहेर जायचा.

नऊ तारखेला रविवार होता. परीक्षेचं केंद्र शिरूरलाच होतं. म्हाळसा बाहेर आली ती धावतच. "बाई, दोनच चुकली. बाकी समदं येत हुतं." दयाबाईंनी तिला घरी आणलं, जेवू घातलं. मग कार्ड तिच्या हातात दिलं.

तिनं ते उभ्यानंच वाचलं. चेहरा फुलला. "भाऊ झाला," ती म्हणाली. मग कार्ड उलटं करून शिक्का बघितला. तिला तारखा वाचता येत होत्या. बाईंनीच शिकवल्या होत्या.

"हे कवा आलं, बाई?"

दयाबाईंना खोटं बोलता आलं असतं. "एकोणतीसला," त्या म्हणाल्या.

म्हाळसानं बोटं मोजली नाहीत. आत जाऊन तिनं आपली पिशवी भरली आणि दाराशी येऊन बसली. "कवा निघायचं?"

सोमवारी सकाळी दोघी निघाल्या. आळेफाट्याला गाडी बदलली. माळशेजच्या वळणांवर बाईंना मळमळायला लागलं, तेव्हा म्हाळसानं पिशवीतून लिंबू काढून दिलं आणि परत खिडकीकडं तोंड केलं. टोकावड्याच्या दुकानदारानं सांगितलं, वाडा सरळगावकडं सरकलाय. दुपारी तिथं उतरून दोघी बांधाबांधानं चालत गेल्या. भात काढलेल्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवली होती. लांबून कुत्री भुंकली आणि लगेच गप्प झाली. त्यांनी म्हाळसाला ओळखलं. ती पळत सुटली.

बाई पोचल्या तेव्हा ताईबाई पालाच्या सावलीत बसलेली होती आणि म्हाळसाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ताईबाई वाळून काडी झाली होती. पालाच्या काठीला लुगड्याची झोळी बांधलेली होती. ती मोकळी होती.

हरिबा पुढं आला. "या, बाई. मागल्या मंगळवारी गेलं. बारा दीस हुतं. ताप आला, मुरबाडला नेलं, पन न्हाई राह्यलं."

मंगळवार म्हणजे चार तारीख. कार्ड येऊन सहा दिवस झाले होते तेव्हा.

हरिबाला वाटत होतं की, टपाल उशिरा मिळालं असेल. तो तसं म्हणालाही, "कार्डाला येळ लागला म्हना. डोंगराच्या पल्याडचं टपाल." बाईंना तिथंच थांबता आलं असतं. म्हाळसा मांडीवरून मान उचलून त्यांच्याकडं बघत होती. तिनं अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"कार्ड वेळेवर आलं होतं," दयाबाई म्हणाल्या. "मी दिलं नाही तिला. परीक्षा होईपर्यंत ठेवून घेतलं."

हरिबा खाली बसला. ताईबाई म्हाळसाच्या वेणीवरून हात फिरवत होती. ती वेणी सकाळी बाईंनीच घातली होती.

"त्याचं तोंड तरी बघितलं आसतं तिनं," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता.

त्यांनी बाईंना तसं जाऊ दिलं नाही. हरिबानं भाकरी आणि दुधाचा तांब्या पुढं ठेवला. नको म्हणणं शक्य नव्हतं. दयाबाईंनी ती भाकरी घास घास करून संपवली. निघताना म्हाळसा बांधापर्यंत आली.

"बाई, मी आता जूनलाच येईन. आईजवळ ऱ्हाते."

"ये," बाई म्हणाल्या.

घरी याकोब वाट बघत होता. दयाबाईंनी सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर रडला.

म्हाळसा स्कॉलरशिपला जिल्ह्यात नंबरात आली. निकाल घेऊन बाई जूनमध्ये वस्तीवर गेल्या. ताईबाईनं त्यांना पाणी दिलं. तिनं आता कोकणात उतरायचं नाही असं ठरवलं होतं. हरिबा भावकीतल्या माणसांना घेऊन जाणार होता. म्हाळसा पाचवीला कवठ्याच्या हायस्कुलात जायला लागली, आईजवळ राहून. दयाबाई सकाळच्या एसटीतून तिला रस्त्याच्या कडेनं चालताना बघायच्या. कधी ती हात करायची. कधी तिचं लक्ष नसायचं, त्या दिवशी बाईंना वर्गात मुलांवर ओरडावंसं वाटायचं. पुढं त्यांची बदली यवतला झाली; घर शिरूरलाच राहिलं, पण रोजची वाट बदलली, मग तेही दिसेनासं झालं. घरातला नकाशा याकोबनं काढला नाही. टिंबं पुसट होत गेली.

दोन हजार सहा साली याकोबच्या पायाला जखम झाली, साखरेमुळे ती चिघळली. रोज ड्रेसिंग आणि इंजेक्शन लागणार होतं. डॉक्टरांनी नर्सिंग शिकणारी एक मुलगी पाठवली. दार उघडलं तर म्हाळसा उभी होती. पांढरा ड्रेस, खांद्याला पर्स, केस आखूड कापलेले.

"तुमचं नाव बघून मीच येते म्हणाले," ती म्हणाली. तिची भाषा आता शिरूरची झाली होती.

सात दिवस ती रोज संध्याकाळी आली. याकोबशी भरभरून बोलायची. ती सायकलवरून पडल्याची आठवण काढून दोघं हसायचे. बाईंनी केलेला चहा प्यायची, "छान झालाय" म्हणायची. एकदा दयाबाईंनी धीर करून विषय काढला. "म्हाळसा, त्या वेळी मी..."

"बाई, मी इथं शिकले नसते तर आज हे काम करत नसते. ते मला कळतं," ती पट्टी गुंडाळत म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं हो. आई अजून बाळच म्हणते त्याला."

दयाबाईंनी मान खाली घातली. म्हाळसानं कात्री धुतली, पुसली, पेटीत ठेवली. तिनं बाईंच्या हातावर हात ठेवला नाही; पण उठण्याची घाईही केली नाही.

सातव्या दिवशी जखम भरत आली होती. दयाबाई म्हणाल्या, "आज राहा की. मी मटण आणलंय."

"नाही बाई. आई वाट बघते. तिला मी मोबाइल घेऊन दिलाय, पण ती फोनवर बोलत नाही, नुसती वाजवून ठेवते. म्हणजे मी यायचं." ती हसली. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजलाच. दोनदा वाजून बंद झाला.

"जा," दयाबाई म्हणाल्या. "साडेसहाची गाडी मिळेल. मी येते स्टँडपर्यंत."

दोघी बाजारपेठेतून चालत गेल्या. गाडी लागलेली होती. म्हाळसाला खिडकीची जागा मिळाली. तिनं काच सरकवून विचारलं, "आप्पांची पट्टी परवा बदलायची, येऊ का मी?"

"ये," दयाबाई म्हणाल्या. "जमेल तेव्हा ये."

गाडी सुटली आणि कवठ्याच्या रस्त्याला वळली. दयाबाई उभ्या राहिल्या, कंडक्टरची घंटी ऐकू येईनाशी होईपर्यंत. मग मटण चुलीवर चढवायचं होतं, याकोबला भूक लागली असेल, म्हणून घरी निघाल्या.